डोंगराकडची बाजू

सीट दोन बोटं वर होती.

शनिवारी संध्याकाळी सोमनाथ पार्किंगमध्ये उतरला होता तो पाण्याची मोटर लावायला. जिन्याचा कठडा धरून, आधी दुखरा पाय खाली, मग चांगला, असं पन्नाशी उलटल्यावर नव्यानं शिकलेलं उतरणं तो उतरला, बटण दाबलं, हौदातलं पाणी वर टाकीकडे निघाल्याची घरघर ऐकली आणि परत फिरताना सहज, अगदी सहज, भिंतीला टेकवलेल्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला. ठेवला आणि थबकला. डोळ्यांच्या आधी तळहातालाच कळलं. इतकी वर्षं हा हात जिथं जाऊन टेकायचा तिथपर्यंत तो पोचलाच नाही, सीट त्याला आधीच भेटली. मग त्यानं वाकून पाहिलं. सीटच्या दांडीवर काळी चिकटपट्टी होती. सायकल कधी दुरुस्तीला गेली तरी सीट आपल्या मापावर परत यावी म्हणून सायकल घेतली त्याच दिवशी त्यानं ती स्वतः गुंडाळली होती, आणि ती कायम खालच्या नळीच्या तोंडाला टेकलेली असायची. आता पट्टी आणि नळी यांच्यामध्ये दोन बोटं मोकळी दांडी दिसत होती. दांडीचा हा भाग आजवर नळीच्या आत राहिलेला, ऊन-पाऊस न पाहिलेला, म्हणून नवाकोरा चकचकत होता. आपल्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्यानं आपल्यालाच ‘या, बसा’ म्हणावं, तसं सोमनाथला झालं.

पाहुणं कुणी नव्हतं म्हणा. सायकल श्रेया नेत होती, त्याची एकुलती एक मुलगी, आणि ती त्याला विचारूनच नेत होती. गुडघ्यातली गादी झिजली, डॉक्टरांनी वर्षभर सायकल बंद सांगितली, तेव्हा एका सकाळी तीच चहा घेता घेता म्हणाली होती, “पप्पा, तुमची सायकल नुसती उभीच आहे, मी जाऊ का रविवारी अन्सारचाचांबरोबर?” आणि सोमनाथ म्हणाला होता, “जा की, त्यात काय विचारायचं!” मोठ्या दिलदारीनं म्हणाला होता. त्याला वाटलं होतं, जाईल एकदा, अर्ध्या वाटेतून तंगड्या गळ्यात घेऊन परत येईल, आठवडाभर कण्हत बसेल, आणि मग आपण तिला पायाला लावायचं तेल देऊ. तेलाची बाटली त्यानं कपाटातून काढून पुढं ठेवलीसुद्धा होती. श्रेया दुपारी परत आली ती शिट्टी वाजवत. पुढच्या रविवारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तेलाची बाटली रूपालीनं, त्याच्या बायकोनं, मुकाट्यानं कपाटात परत नेऊन ठेवली.

खुलताबादच्या मागच्या अंगाला एक जुना घाट आहे. नवा रस्ता झाल्यापासून त्याला फारसं कुणी विचारत नाही, आणि आषाढ लागला की डोंगरातून दगड सुटायला लागतात म्हणून खालच्या तोंडाशी आडवी लोखंडी नळी टाकून तो गाड्यांना बंद होतो, तो थेट दसऱ्यापर्यंत. पायी माणसाला, गुराढोरांना आणि सायकलीला मज्जाव नाही. एरवी वर्षभर सायकल म्हणजे एकामागं एक, मागचा ट्रक कधी अंगावर येतो या धाकात हाणायची. इथं मात्र रस्ताभर पसरून, शेजारी शेजारी चालवता येते. एवढंच त्या घाटाचं कौतुक. पण शेजारी शेजारी म्हणजे बोलता येतं, आणि सोमनाथ आणि अन्सार यांची खरी बोलणी सगळी त्या घाटातच झालेली होती. दोघं पिशोरच्या एका शाळेतले, एका बाकावरचे. एक पाटबंधारे खात्यात लागला, एकानं शहागंजात चष्म्याचं दुकान टाकलं, लग्नं झाली, पोरं झाली, आणि शहरात राहून एकमेकांचं तोंड दिसेना म्हणून त्यांनी सायकली घेतल्या. तेव्हापासून पावसाळ्याचा एक रविवार चुकला नव्हता. अन्सारचे वडील गेले, सोमनाथवर खात्यात चौकशी लागली, अन्सारचा पोरगा अझहर दुबईला निघून गेला आणि त्याची आई, सगीराभाभी, महिनाभर धड जेवल्या नाहीत, हे सगळं त्या चढावर धापा टाकत बोलून झालेलं होतं. घरी बसून ते कधी बोलले नसते. समोरासमोर बसलं की दोघांनाही लाज वाटायची.

आणि त्यांच्या बाजू ठरलेल्या होत्या. अन्सार दरीच्या बाजूला, सोमनाथ डोंगराच्या. सोमनाथला दरीची भीती; लहानपणी बापाच्या उंच सायकलीवर नळीखालून पाय घालून शिकताना तो पिशोरच्या पुलावरून खाली नदीच्या गोट्यांत पडला होता आणि अन्सारनं त्याला पाठुंगळी मारून घरी आणलं होतं. तेव्हापासून खोल जागेच्या कडेनं जायचं म्हटलं की त्याचे तळपाय शिवशिवायचे. मग घाटात एक पद्धतच पडून गेली. रस्त्यावर सुटून आलेले दगड ज्याच्या बाजूला पडले असतील त्यानं उतरायचं आणि कडेला लावायचे, म्हणजे परतीच्या उतारावर चाक आदळत नाही. दगड अर्थातच डोंगराकडून येणार, म्हणजे बहुतेक सोमनाथच्याच वाट्याला, दरीपर्यंत गडगडत गेलेला एखाददुसराच अन्सारच्या. तो वाकून वाकून दगड उचलायचा आणि अन्सार एक पाय टेकून, दरीकडं बघत, गाणं गुणगुणत थांबायचा. मदत करायचा नाही. “दरीचं भ्या तुला, मग दगडं पण तुलाच,” म्हणायचा. “मी काय तुझा नोकर हाये का?” सोमनाथ शिव्या घालायचा. पण आता गुडघा धरून घरात बसल्यावर त्याला त्या घाटातलं दुसरं काही नाही, ते दगड आठवायचे. ओले, खालून मातीचे, हातात घेतले की गार. दर रविवारी तो मनातल्या मनात विचारायचा, माझ्या बाजूचे दगड आता कोण उचलतं? आणि स्वतःच उत्तर द्यायचा, कोण म्हणजे? ती उचलते.

तर ही सीट. सीटवरून अन्सार त्याच्या मागं किती वर्षं लागला होता! “सोम्या, सीट वर घे रे. तुझा पाय पुरा लांब होतच नाय. गुडघ्याची वाट लागंल, मंग बसशील बोंबलत.” आणि सोमनाथ ऐकायचा नाही. बसल्या जागी दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला लागले पाहिजेत, हा त्याचा हट्ट. पुलावरून पडलेल्या माणसाचा हट्ट. पुढं गुडघा गेलाच. डॉक्टरांनी विचारलं, सीट किती खाली ठेवता, तेव्हा “बरोबर असते” असं तो ठोकून मोकळा झाला, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेला अन्सार छताकडं बघत राहिला.  सोमनाथला वाटलं होतं, वर्षानुवर्षांच्या दोस्तीत याहून मोठं काय असणार! आता ती सीट दोन बोटं वर होती. म्हणजे अन्सारनं तिला सांगितलं असणार, आणि तिनं पहिल्याच फटक्यात ऐकलं असणार. “हो का चाचा? घेते वर.” इतकं सोपं. बापाला जे इतकी वर्षं जमलं नाही ते पोरीनं कुठल्याशा वळणावर उभ्या उभ्या करून टाकलं, आणि तो बेटा खूष झाला असणार. झाला असणारच. त्याला असंच कुणीतरी हवं होतं, ऐकणारं.

मोटर घरघरत होती. सोमनाथ सायकलीपाशी उभाच होता. आपण जळतो आहोत हे त्याला कळत होतं, त्यात काही संशय नव्हता; छातीच्या खाली, पोटाच्या वर, अजीर्ण झाल्यासारखं काहीतरी महिनाभर बसून होतं. पण नेमकं कुणावर जळतो हे त्याला ठरवता येईना. श्रेयावर जळावं तर ती त्याची लेक. तिचे पाय धड, तिचे गुडघे नवे, ते असायलाच हवेत, बापाला त्याचा आनंदच व्हायला हवा. अन्सारवर जळावं तर त्यानं काय केलं होतं? पोरीला सांभाळून नेत होता, सांभाळून आणत होता. तरी पण. दुपारी परत आल्यावर श्रेया जेवताना सांगायची, “पप्पा, दुसऱ्या वळणाच्या पुढं ना, कातळावरून असं पाणी उतरतं…” त्याचाच घाट त्याला सांगायची! आणि तो मान डोलावून ऐकायचा, जणू खुलताबाद कुठल्या देशात आलं हेही त्याला ठाऊक नाही. मोबाईलवर अन्सारनं फोटो लावलेला असायचा, श्रेया सोमनाथचीच पिवळी रेनकोटाची बंडी घालून हसते आहे. ती बंडी तिला सैल होती. सैल होती याचं सोमनाथला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली होती.

पण या सगळ्याहून आत रुतलं होतं ते स्वेटरचं. मागच्याच आठवड्यात तो चष्म्याची काडी बसवायला अन्सारच्या दुकानात गेला होता. अन्सार डोळ्याला भिंग लावून स्क्रू पिळत होता आणि पिळता पिळता म्हणाला, “नाशिकला थंडी लई आसती यार. पोरीला जायच्या आधी चांगलं स्वेटर घेऊन दे.” सोमनाथ म्हणाला, “घेऊ की.” काडी बसली, चष्मा डोळ्यावर आला, चहा आला, चहा पिऊन झाला, आणि तोवर नाशिकला कोण चाललंय, कशाला चाललंय, कधी चाललंय, यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. पुढं घरी श्रेयानं सांगितलं, नाशिकला मोठ्या कंपनीत नोकरी मिळते आहे, गणपती झाले की जावं लागेल, मम्मीला आणि तुम्हाला एकदमच सांगायचं होतं, तुम्ही नाही म्हणाल म्हणून भीती वाटत होती. सोमनाथनं आश्चर्य वाटल्याचं सोंग केलं. इतकं बेमालूम केलं की रूपालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला नाही, चिडला नाही, पेढे आणायला गेला. पेढ्यांच्या दुकानात उभं राहून त्याच्या मनात एकच होतं, ती अन्सारला चढावर सांगत होती तेव्हा कुठल्या वळणावर होते हे दोघं? तिसऱ्या असतील. तिसऱ्याला चढ कमी होतो आणि बोलायला दम पुरतो. अझहर दुबईला जातो म्हणाला हे अन्सारनं त्याला तिसऱ्याच वळणावर सांगितलं होतं. पोरगी महिन्याभरात घर सोडणार, तिचे मोजून चार रविवार उरलेले, आणि ते चारही त्या माणसाच्या पदरात पडणार होते. त्याचं स्वतःचं पोरगं लांब गेलं म्हणून त्यानं काय दुसऱ्याच्या पोरीवर हक्क सांगायचा? हे त्याच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची किळस वाटली, पण विचार काही परत गेला नाही.

त्यानं हत्यारांच्या डब्यातून ॲलन-की, सीटच्या बोल्टची षटकोनी चावी, काढली. माझी सायकल आहे, माझ्या मापावर असली तर बिघडलं कुठं, असं तो मनाशी म्हणाला. यात वाईट काही नव्हतं. वाईट असतं तर त्यानं आधी जिन्याकडं पाहून घेतलं असतं. त्यानं पाहून घेतलं होतं. मग बोल्ट सैल केला, सीट दोन्ही हातांनी धरून खाली दाबली, आणि चकचकीत दांडी नळीत गडप झाली, पट्टी नळीच्या तोंडाला येऊन टेकली. त्या एका क्षणाला त्याच्या पोटातलं अजीर्ण उतरल्यासारखं झालं. इतक्यात वरून रूपालीचा आवाज आला, “अहो, मोटर! टाकी भरून वाहायलीय! खालच्यांच्या कपड्यांवर पाणी पडायलंय सगळं!” खालच्या काकूंचाही आवाज त्यात मिसळला. सोमनाथ लंगडत मोटरीकडं धावला, बटण बंद केलं, वर बघून “झालं, झालं” म्हणून ओरडला, काकूंची माफी मागितली, आणि कपडे काढायला मदत करून वर गेला. रात्री जेवताना तो फार गोड बोलला. श्रेयाला आणखी एक भाकरी आग्रह करून वाढली.

रविवारी उजाडता उजाडता फाटकाशी दोनदा घंटी वाजली. इतकी वर्षं ही घंटी त्याच्यासाठी वाजायची. दोनदाच, तिसऱ्यांदा नाही, शेजारी उठू नयेत म्हणून. तो अंथरुणात डोळे मिटून पडून होता. जिन्यावरून श्रेयाची पावलं धडधडत उतरली, एक पायरी गाळून. खालून अन्सारचा दबका आवाज आला, “चल बेटा.” आधी ‘चल सोम्या’ असायचं. सोमनाथ कान देऊन ऐकत होता. आता ती बसेल, आता तिला कळेल. तिनं उतरून सीट वर करावी की नाही करावी, यातलं नेमकं काय त्याला हवं होतं? ती तशीच जावी. बापासारखे दोन्ही तळपाय जमिनीला टेकून जावी, थोडी दमावी, थोडी लवकर परत यावी, आणि तिनं म्हणावं, आज काही मजा नाही आली पप्पा. चाकांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि विरला. ती बहुतेक काही न बोलता तशीच गेली होती. त्याला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

चहा झाल्यावर तो उगीचच खाली उतरला. सायकलीची रिकामी जागा बघायला, दुसरं काय. भिंतीवर हँडल घासून पडलेला काळा ओरखडा होता, खाली तेलाचे दोन ठिपके. आणि परत फिरताना त्याला मोटरीच्या बटणाच्या खोक्यावर ती दिसली. ॲलन-की. काल संध्याकाळी बटण दाबायला हात मोकळा हवा म्हणून त्यानंच तिथं ठेवलेली. सोमनाथ तिच्याकडं बघत राहिला आणि त्याच्या तळपायांत शिवशिव सुरू झाली, पुलाच्या कडेची. चावी इथं आहे म्हणजे आपण परत सायकलीकडं गेलोच नाही. म्हणजे बोल्ट आवळलाच नाही. की आवळला होता, अर्धा तरी? सीट दाबली, पट्टी टेकली, आणि मग? मग रूपाली ओरडली. मग काकू. मग ओले कपडे. बोटांना काही आठवत होतं का म्हणून त्यानं हवेत चावी फिरवल्यासारखं करून पाहिलं. बोटांना काही आठवत नव्हतं. घट्ट दांडी असेल तर जाईल तशीच शहराबाहेरपर्यंत, चढावर उभ्यानं पाय मारताना कळायचंही नाही, आणि उतारावर, वळणावर, ती सगळा भार टाकून बसेल आणि सीट फिरेल. आणि रस्त्याच्या एका अंगाला दरी. त्यानं फोन लावला. वाजत राहिला. अन्सारचा लावला, तोही वाजत राहिला. घाटात रेंज नसते आणि घाटाबाहेर दोघंही फोन पिशवीत ठेवतात, ही पद्धत सोमनाथनंच घालून दिलेली.

“कुठं निघालात?” गाडीची किल्ली त्याच्या हातात बघून रूपालीनं विचारलं.

“खुलताबादला. आलोच.”

“भद्रा मारुतीला? थांबा, मी पण येते. नारळ तरी घ्या की.”

“पुढच्या वेळी,” तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडं न बघता जिना उतरला. पहिल्यांदाच चांगला पाय आधी टाकून उतरला. दौलताबादच्या अरुंद दरवाजातून गाडी काढताना, पुढं चढाला लागताना, रस्त्याकडेला पेरूवाल्या बायका होत्या, सीताफळाची झुडपं पाण्यानं टपटपत होती, आणि तो प्रत्येक वळणावर रस्त्याच्या कडेला बघत होता, पिवळं काही दिसतं का. पिवळं दिसलं की पाय ब्रेकवर जायचा. कुठं ताडपत्री असायची, कुठं तेलाचा डबा. महिनाभर मी हिच्यावर जळलो, तो म्हणत होता. जळलो तर जळलो, कुणाला दिसत होतं? हात कशाला लावला? आणि याच वेळी, याच भीतीच्या आत, एक बारीक चिवट विचार टिकून होता, की काही झालं असेल तर तिला उचलायला आधी अन्सारचे हात पुढं झाले असतील. हा विचार त्याला मारूनही मरेना.

घाटाच्या तोंडाशी आडव्या नळीपाशी पत्र्याच्या आडोशाला कडूबा बसला होता. पावसाळाभर तोच तिथं राखणीला असतो. त्यानं सोमनाथला ओळखलं. “साहेब! लई दिसांनी. पाय बरा झाला व्हय?”

“आमची पोरगी गेली का वर?”

“गेली की मघाच. भाई हायेत संगट.” कडूबानं गाडीकडं पाहून मान हलवली. “गाडी नाय सोडता यायची पण, साहेब. तुमाला ठावंच हाये.”

“चालत जातो,” सोमनाथ म्हणाला.

या घाटात तो कधीच चालला नव्हता. सायकलीवरून जो चढ मांड्यांना कळायचा तो आता गुडघ्यात एकेक टाचणी टोचत कळू लागला. रस्त्यावरून पाण्याचे पातळ ओघळ आडवे जात होते, कडेला तेरडा फुलला होता, आणि गाड्या नसल्यानं इतकं शांत होतं की त्याला स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू यायचा. तो न ठरवता डोंगराच्या बाजूनंच चालत होता, आणि पहिलं वळण घेतल्यावर त्याला ठेच लागली. दगड. पुढं आणखी एक. पुढं चार. त्यानं मान वर केली. दरीकडचा अर्धा रस्ता झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. कडेला दगड हारीनं लावलेले, मोठे खाली, लहान वर, अन्सार लावतो तसे. आणि डोंगराकडचा अर्धा रस्ता दगडांनी भरलेला. नुसता भरलेला नाही. काही दगड आषाढापासून तिथंच बसलेले दिसत होते, त्यांच्या बुडाशी गवत उगवलं होतं, एकाच्या फटीतून तेरड्याचं रोप वर आलं होतं. सोमनाथ बघत राहिला. म्हणजे दोघं त्या अर्ध्या रस्त्यातच भागवत होते. त्याची बाजू त्यांना लागतच नव्हती. दर रविवारी तो घरी बसून विचारत होता, माझ्या बाजूचे दगड कोण उचलतं. कुणीच उचलत नव्हतं. ती उचलत असती तर तो जळला असता, पण हे त्याहून वाईट होतं. तो मरून गेला असता तरी असंच दिसलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागानं आलं की भीतीनं हे बघायला वेळ नव्हता, कारण अजून पोरगी दिसली नव्हती.

तिसऱ्या वळणाशी त्याला आधी हसणं ऐकू आलं. मग दोघं दिसले. उतारावरून ब्रेक दाबत, शेजारी शेजारी, दरीकडच्या बाजूनं. पिवळी बंडी वाऱ्यानं फुगलेली. श्रेयानं त्याला पाहिलं आणि तिचं हसू तोंडावरच अडकलं.

“पप्पा? तुम्ही… चालत आलात? इथवर?”

“सोम्या, येडा झाला का तू?” अन्सारनं सायकल थांबवली. “गुडघा हाये का काय हाये तुला?”

 सोमनाथ सीटकडं बघत होता. काळी पट्टी नळीपासून दोन बोटं वर होती. त्यानं इतका मोठा श्वास सोडला की त्याला कातळाला हात लावून उभं राहावं लागलं. अन्सारनं त्याची नजर पाहिली. मग घसा साफ करून म्हणाला, “दौलताबादच्या चढाला सीट फिरली हिची. बोल्ट ढिला झाला व्हता. माझ्याजवळ चावी व्हती, आवळून दिला.”

“मीच मागच्या रविवारी नीट आवळला नसेल,” श्रेया घाईनं म्हणाली.

“व्हय, तसंच झालं आसंल,” अन्सार म्हणाला.

दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं. आणि सोमनाथला लख्ख कळलं की त्यांना कळलेलं आहे. घरून निघतानाच सीट बरोबर पट्टीवर बसलेली होती. भिंतीला उभ्या सायकलीची सीट आपोआप खाली येत नाही. चढावर उभं राहून दोघांनी पट्टीकडं पाहिलं असेल, एकमेकांकडं पाहिलं असेल, आणि पप्पांना काय सांगायचं हे ठरवून टाकलं असेल. हे खोटंही दोघांनी मिळून केलेलं होतं. त्यात त्याला वाटा नव्हता. त्याला वाचवायला ते खोटं बोलत होते आणि तो तिथं उभा राहून त्या खोट्यावरही जळत होता.

“मी केली खाली,” तो म्हणाला. “काल. मुद्दाम केली. आणि आवळायची राहिली.”

श्रेया ब्रेकच्या वायरीशी चाळा करत राहिली. अन्सार दरीकडं बघत होता. तिकडंच बघत तो म्हणाला, “मंग आवळायची तरी, येड्या.” एवढंच म्हणाला. 

“माहीत आहे,” सोमनाथ म्हणाला, आणि आता सुरू झालंच आहे तर सगळंच बाहेर पडू दे असं होऊन त्यानं रस्त्याकडं हात केला. “आणि हे काय? माझी बाजू टाकूनच दिली तुम्ही. गवत उगवलं दगडांत.”

“पप्पा, मी पहिल्याच दिवशी उचलायला गेले होते,” श्रेया म्हणाली. “चाचा असे ओरडले माझ्यावर! कधी ओरडत नाहीत ते. म्हणाले, हात लावायचा नाय. ती सोम्याची बाजू हाये, तो आल्यावर त्याची तो करंल.”

सोमनाथनं अन्सारकडं पाहिलं. अन्सारचे कान लाल झाले होते. “मग काय,” तो गुरगुरला. “तुझी दगडं मी का उचलू? नोकर हाये का तुझा?” आणि त्यानं सायकल कठड्याला टेकवली, पाठ फिरवली आणि दरीकडं बघत उभा राहिला, नेहमीसारखा. गाणं मात्र गुणगुणत नव्हता.

सोमनाथ वाकला. दुखरा पाय मागं ठेवून, चांगल्या गुडघ्यावर भार देऊन त्यानं पहिला दगड उचलला, कडेला नेऊन ठेवला. ओला, खालून मातीचा, गार. दुसरा उचलला. तेरड्याचं रोप उगवलेला दगड त्यानं रोपासकट सरकवला. मग एक घागरीएवढा होता, तो हलेना. त्यानं एकदा जोर लावला, गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली, आणि तो तसाच ओणवा राहिला. अन्सार वळून बघत होता. पुढं आला नाही. रस्त्याच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. श्रेयानं हात पुढं केले, मग मागं घेतले, अन्सारकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं.

“ये,” सोमनाथ म्हणाला. “धर तिकडून.”

तिनं सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि धावत आली. दोघांनी दगड दोन्ही अंगांनी धरला. तो जमिनीवरून सुटला, आणि सुटल्या क्षणी सोमनाथला कळलं की भार निम्म्याहून कितीतरी कमी त्याच्या हातात आहे. उरलेला सगळा तिनं तिकडं ओढून घेतला होता, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ते त्याला आवडलं नाही. पण त्यानं दगड सोडला नाही.